मीठ जास्त झालंय

नॉयहोफ, आयोवा
१२ डिसेंबर १९०८, शनिवार

हिल्का,

आधी पार्सल उघडलं असशील आणि मग हे पत्र. तुझी सवय मला माहीत नाही होय? तर आता सुरी खाली ठेव आणि आधी वाच.

नऊ वर्षांनी लिहितेय म्हणून अक्षर वाकडं आलंय असं समजू नकोस. थंडीनं बोटं आखडलीत, दुसरं काही नाही. तुझा पत्ता स्टेशनमास्तरकडून काढला. ओमाहात मालगाडीवर डेनिस नावाचा आयरिश गार्ड कोण, म्हणून विचारलं तर म्हणतो, "बाई, तिथे निम्मे गार्ड डेनिसच आहेत." बायको आपल्यातली आहे म्हटल्यावर मग सापडला.

बातमी अशी की आपल्या कचेरीला अखेर घड्याळ बसलं. तुला आठवतं ना, मनोऱ्याला वर नुसती चार भोकं होती आणि त्यांत कबुतरं. पलीकडच्या जिल्ह्याचे लोक खटल्याला आले की चौकात उभे राहून विचारायचे, "किती वाजले हो तुमच्याकडे? कबुतरांना तीन?" आता बोला म्हणावं. चारही बाजूंना तबकडी आहे आणि तासाला असे ठोके पडतात की आमच्या कपाटातल्या बशा वाजतात.

गेल्या शनिवारी त्याचं जेवण झालं, कचेरीच्या मोठ्या दालनात. पन्नासएक पानं. डुकराच्या कच्च्या खिम्याचं मेट कोणाचं? अर्थात माझं. दुसऱ्या कोणाचं ठेवलं असतं तर लोकांनी तोंडं वाकडी केली असती. डुक्कर घरचंच होतं, वर्षभर हॉटेलच्या उष्ट्यावर पोसलेलं. इतकं अधाशी की गोठ्यातले उंदीरसुद्धा सोडत नव्हतं. बेहरेंड म्हणायचा, मांजर पाळायचा खर्च वाचला. माझा नवरा आहे तसाच आहे बघ, वर्षातून एक विनोद करतो आणि तोच वर्षभर पुरवतो.

राईच्या पावावर बोटभर थर, वर कांदा, मिरपूड. पाच मिनिटांत ताटं रिकामी. आपल्या लोकांनी पावाला हात लावायच्या आधी मेट संपवलं. फक्त जज्ज प्रेंटिस, तो इंग्रज, त्यानं हळूच रुमालात गुंडाळून खिशात घातलं. मी पाहिलं. त्यानंही पाहिलं की मी पाहिलं.

जुन्या देशातून एक पाहुणा आलाय, ट्यार्क म्हणून, धाकट्या काकाचा मुलगा. नवखा आहे. हातात पाव धरून सगळ्यांदेखत विचारतो, "भिंगवाल्यानं तपासलं का?" तिकडे म्हणे आता प्रत्येक गावी सरकारी माणूस असतो, मारलेल्या डुकराचा तुकडा भिंगाखाली बघतो आणि शिक्का मारतो, मगच सुरी लावायची. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "पोरा, ही अमेरिका आहे. इथे डुकराला दाखला लागत नाही!" सगळं दालन हसलं. ट्यार्क लाल झाला आणि त्यानं एकापाठोपाठ तीन पाव खाल्ले.

मला मात्र एक घास घेता आला नाही. दोन दिवस आधी दाढ काढली होती, तोंड सुजलेलं. मीठमसालासुद्धा चव न घेता नुसत्या हाताच्या अंदाजानं घातला. तरी लोकांनी बोटं चाटली.

बाबा बरे आहेत. तुझं नाव घरात काढलेलं अजून चालत नाही. तू पत्रं लिहिली असशीलच, पण इथवर काही आलं नाही बाई. टपालाचं काही खरं नाही.

त्याच डुकराची ही सॉसेज आहेत, दोन. आठ दिवस सफरचंदाच्या लाकडाच्या धुरात टांगली होती. आता नीट ऐक. त्या दिवशी आपल्या टेबलावर तुझ्या नवऱ्यानं मेट भाजून मागितलं, त्यावरून बाबांचं डोकं फिरलं आणि पुढचं सगळं झालं. झालं ते झालं. पण यावेळी हे भाजू नकोस, उकडू नकोस. आपल्या पद्धतीनं खा, कच्चं, पातळ काप करून. मुलं असतील तर त्यांनाही दे, कळू दे आपल्या घरची चव. खाल्लंस असं एका ओळीनं कळव. मी समजेन की तुझ्या मनात काही उरलं नाही.

गेसिना


१९ डिसेंबर

हिल्का,

पार्सल मिळालं का? एवढंच विचारायला बसले होते, पण बसलेच आहे तर लिहिते.

गावात तापाची साथ आलीय. आधी पोट बिघडतं, मग दोनचार दिवस बरं वाटतं, आणि मग एका सकाळी माणूस उठतो तो डोळे सुजूनच. पापण्या अशा फुगतात की बेहरेंड आरशापुढे उभा राहून म्हणाला, "हा कोण बेडूक आलाय घरात?" म्हटलं ना, वर्षातून एक. यंदा दोन झाले. गावभर सगळे रडून आल्यासारखे दिसतात. चहाला बसलो तर कोणाला पेला दिसत नाही. डॉक्टर फोकन म्हणतात फ्लू असेल, नाहीतर टायफॉइड. म्हणजे त्यांनाही कळलेलं नाही.

बाबाही पडलेत. पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात, हात लावू देत नाहीत. शिव्या मात्र खणखणीत देतात, म्हणून मी निश्चिंत आहे.

मंगळवारी ल्यूबर्ट गेला. कचेरीतला कारकून गं, जमिनीचे दाखले द्यायचा तो. धडधाकट माणूस होता. सकाळी नऊला देवळाची घंटा सुरू झाली आणि मी पीठ मळता मळता थांबले. तुला आठवतं? घंटा लागली की बाबा चमचा हवेत धरायचे आणि आपण दोघी टेबलाखाली बोटांवर मोजायचो. जितकी वर्षं, तितके ठोके. सत्तरच्या पुढे गेले की तू म्हणायचीस, कोणीतरी म्हातारं, चला जेवूया. बावन्नला थांबली. अख्खं गाव बावन्न कोण ते शोधत होतं आणि पुढच्या घटकेला सगळ्यांना कळलं होतं.

एक गंमत सांगते. जज्ज प्रेंटिस ठणठणीत आहे. रोज चौकातून छडी फिरवत जातो. इंग्रजांना आपले ताप लागत नाहीत वाटतं.

पार्सल मिळालं का तेवढं कळव. एक ओळ पुरे.

गेसिना


२७ डिसेंबर, रविवार

हिल्का,

नाताळ झाला म्हणायचा. झाड आणलं होतं, मेणबत्त्या लावल्या नाहीत. देवळात बारा माणसं होतो.

फ्राउके गेली. तुझ्या दोन यत्ता मागे होती ती, तुझ्या वेण्या ओढायची ती. दोन लेकरं मागे आहेत. अंगभर दुखायचं तिला. श्वास घ्यायचा तर फासळ्या ओरडायच्या. शेवटी शेवटी जबडासुद्धा उघडेना.

आणि घंटा मी वाजवली. हाब्बो म्हाताऱ्याचे हात खांद्यापासून वर जात नाहीत, पास्टरसाहेब स्वतः अंथरुणात. त्यांनी निरोप पाठवला, गेसिनाबाई, गावात धड हात तुमचेच उरलेत, तुम्ही या. गेले. दोर बर्फासारखा होता. एकोणतीस मोजायला किती वेळ लागतो, कधी ओढून बघितल्याशिवाय कळत नाही.

बाहेर आले तर देवळाच्या पायरीवर हाब्बोची बायको उभी होती. म्हणाली, "तुला बरं काही झालं नाही, गेसिना." मी म्हटलं, "देवाची कृपा." ती म्हणाली, "कचेरीत तू एक घास खाल्ला नाहीस म्हणे." मी म्हटलं, "दाढ काढली होती माझी, विचार डॉक्टरला!" तर म्हणते, "नाही, नुसतं विचारलं." आणि शाल सावरून निघून गेली. बायकांच्या जिभेला काही काम नाही.

ट्यार्क तापात बडबडतो. भिंग भिंग करतो. लक्ष देऊ नये अशा माणसाकडे. डॉक्टर फोकन काल आमच्या धुराच्या खोलीतून एक अख्खं सॉसेज घेऊन गेले. आवडलं असेल.

हां, त्यावरून आठवलं. तुला पाठवलेल्या सॉसेजमध्ये मीठ जास्त झालंय. चव न घेता केलं ना, अंदाज चुकला. घशाखाली उतरणार नाही. खाऊ नकोस. फेकून दे. मुलांना तर मुळीच देऊ नकोस, मीठ बाधतं मुलांना. मला काही वाईट वाटणार नाही. पुढल्या वर्षी नीट करून पाठवीन.

फेकून दे, एवढं ऐक.

गेसिना


४ जानेवारी १९०९, सोमवार

हिल्का,

दुपारी तार पाठवली आहे. "सॉसेज खाऊ नका. विष आहे." ती मिळाली असेलच, तरी लिहिते, कारण तारेत सगळं मावत नाही आणि आता मला काही झाकायचं नाही.

डॉक्टरांनी ल्यूबर्टच्या दंडातला बारीकसा तुकडा आणि माझं सॉसेज मोठ्या कॉलेजात पाठवलं होतं. आज उत्तर आलं. मला दवाखान्यात बोलावून त्यांनी भिंगाला डोळा लावायला सांगितला. हिल्का, वळवळणारी सुतं असतात गं. गोगलगाईसारखी वेटोळी घालून बसलेली, मांसाच्या धाग्याधाग्यात. सॉसेजमध्ये तीच आणि ल्यूबर्टमध्ये तीच. डुकरानं उंदीर खाल्ले, आपण डुक्कर खाल्लं. मिठानं मरत नाहीत, धुरानं मरत नाहीत. फक्त आगीनं मरतात. मी विचारलं, औषध काय? डॉक्टर चष्मा पुसत बसले. किती खाल्लं त्यावर आहे म्हणाले. एखादा काप असेल तर माणूस उठतो.

आठ मेले. अजून बेहरेंडचं सांगता येत नाही. ट्यार्क काल गेला. बावीस ठोके दिले मी. त्याला खिजवून आपण खायला लावलं. बाबा हसले, पण बाबांच्या आधी मी हसले होते.

आता ऐक. मीठ जास्त झालं नव्हतं. सत्तावीस तारखेला मला ठाऊक होतं. म्हणजे पक्कं नव्हतं, पण ट्यार्कनं तापात नाही, चांगला शुद्धीवर असताना माझा हात धरून सांगितलं होतं, "ताई, हे तेच आहे. आमच्या गावी असेच मेले होते लोक." मी त्याला गप्प राहा म्हटलं. तारघर कुठे आहे तुला माहीत आहे, कचेरीच्या चौकात. तारमास्तर एक शब्द पोटात ठेवत नाही. तार केली असती तर तासाभरात चौकात बोभाटा झाला असता की गेसिनाचं मेट होतं ते, गेसिनानंच मारलं. म्हणून मी पत्र लिहिलं, आणि पत्रातही खोटं लिहिलं, का तर तुझ्या त्या आयरिशाला हसायला निमित्त नको. आठ दिवस घालवले मी. आठ दिवस!

आणखी एक. तुझी पत्रं इथे आली होती. पाच. बाबांना माहीतसुद्धा नाही. मी टपालवाल्याकडून परस्पर घेऊन परत पाठवली, तुला शाईचा शिक्का दिसला असेल, "घेण्यास नकार". तो नकार माझा होता. आणि त्या दिवशी टेबलावर बाबांचं डोकं आपोआप नाही फिरलं. तुझा नवरा बिचारा उठून हळूच माझ्याकडे आला होता, खुणेनंच विचारत, तवा मिळेल का? मीच तो तवा उचलून कपाटामागे लपवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तवा हवा तर हॉटेलात जा." मग बाबांनी उठून तुम्हाला दार दाखवलं. त्याच्या आधी ते नुसते हसत होते. तू माझ्या आधी लग्न केलंस, आणि सुखानं केलंस, एवढंच कारण होतं. दुसरं काही नव्हतं.

तू ते पार्सल तसंच ठेवलं असशील. नाहीतर कुत्र्याला टाकलं असशील. नऊ वर्षं तू माझा राग केलास ना? अजून करत असशील ना? कर बाई. तुझ्या पाया पडते, कर.

गेसिना


५ जानेवारी, मंगळवार

हिल्का,

हे टपालात टाकणार नाही. उद्याच्या गाडीनं मी स्वतः येतेय आणि तुझ्या हातात देणार आहे. तोंडानं मला सांगता येणार नाही.

तुझं पत्र सकाळी आलं. तू पहिल्या तारखेला लिहिलेलं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि बेहरेंडच्या उशाशी खाली बसले. नऊ वर्षं तुझी पत्रं मी न उघडता परत पाठवली, आणि आता हे उघडायला हात होईना.

तुझीच वाक्यं तुला परत लिहून दाखवते, म्हणजे मी नीट वाचलं ते तुला कळेल. "पार्सल आलं तेव्हा मी ते खिडकीबाहेर थंडीत टांगून ठेवलं. रागच होता. म्हटलं, हुकूम सोडतेय, कच्चं खा म्हणे. हात लावणार नव्हते. मग तुझं मिठाचं पत्र आलं. गेसिना, मी इतकी हसले! तुझ्या हातचं मीठ जास्त? आख्ख्या जिल्ह्यात कोणी विश्वास ठेवेल का? म्हटलं, ताईला लाज वाटतेय. पुढे केलेला हात मागे घेतेय बिचारी, मी झिडकारीन म्हणून. मला इतकं भरून आलं की वर्षाच्या शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्याउभ्यानंच मी अर्धं सॉसेज संपवलं. आपल्या पद्धतीनं. मीठ अगदी बरोबर होतं."

मीठ अगदी बरोबर होतं.

आणि पुढे लिहितेस, "उरलेलं डेनिसनं मुलांसाठी कोबीत घालून तासभर रटरटत उकडलं. जातीचा आयरिश! बाबांना सांगू नकोस." हिल्का, मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल. तासभर. रटरटत. मी बेहरेंडला हलवून उठवलं आणि म्हटलं, त्यानं उकडलं, अरे, मुलांचं उकडलं! तो बिचारा सुजल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी वेडी झाले.

तुला मुलगी आहे, नोरा, आणि मुलगा आहे, त्याचं नाव रेमेर ठेवलंस, बाबांचं. मला आजवर माहीत नव्हतं.

पत्र आनंदी आहे. शेवटी लिहितेस, "पोटात जरा गडबड आहे, नव्या वर्षाच्या गोड सुरळ्या जास्त झाल्या असतील." सुरळ्या नाहीत त्या. मला सगळं पाठ झालंय गं आता. आज पाचवा दिवस. उद्यापरवा पोट बरं होईल आणि तुला वाटेल गेलं एकदाचं. तुझ्या हातात तार पडली असेल आणि तू डेनिसला म्हणत असशील, मला तर काही झालं नाही, ताई उगीच घाबरते. मग दहाव्या बाराव्या दिवशी सकाळी नोरा म्हणेल, आई, तुझे डोळे बघ.

नाही होणार. अर्धंच खाल्लंस. लहान होतं का गं? मी आठवतेय, दोन पाठवली होती, एक मोठं, एक लहान. लहान असेल तर.

आज कचेरीत गेले होते. पंचमंडळ बसलं होतं, कोणाचं डुक्कर म्हणून चौकशी होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझं. उंदीर खायचं ते, मला माहीत होतं, मी हसत होते. आणि मी खाल्लं नाही ते दाढेमुळे, पण तुम्हाला पटणार नसेल तर नका पटवून घेऊ. जज्ज प्रेंटिसनं मान खाली घातली. डोक्यावर घड्याळानं अकरा वाजवले आणि सगळे आपोआप मोजायला लागले, मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. आता या गावात कशाचेही ठोके पडले तरी लोक मोजतात.

बाबांना काही सांगितलेलं नाही. ते उठून बसायला लागलेत, पण डॉक्टर म्हणाले काळीज अशक्त आहे, धक्का देऊ नका. बेहरेंडची बहीण आजारी आहे असं सांगून निघतेय.

येते. चहाला खडीसाखर आणतेय. तिकडे चांगली मिळत नाही म्हणतात.

तुझी,
गेसिना


नॉयहोफ
१४ फेब्रुवारी १९०९, रविवार

डेनिस भावोजी,

हे कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल तुम्हाला. मला इंग्रजी लिहिता येत नाही, आणि पाच आठवडे तुमच्या घरी राहिले तरी आपण खुणांवरच काढले. नोरा वाचेल काही वर्षांनी, तिला आपली भाषा येते. हिल्कानं शिकवली होती हे मला तिथे आल्यावर कळलं.

मी सुखरूप पोहोचले. बेहरेंड काठी घेऊन चालायला लागलाय. कचेरीच्या दारावर आता दोन्ही भाषांत नोटीस लावलीय, डुकराचं मांस शिजवल्याशिवाय खाऊ नये. लोक तिच्यापुढून मान वळवून जातात. माझ्यापुढूनही.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. पाच आठवड्यांत तुम्ही मला एकदाही, खुणेनंसुद्धा, म्हटलं नाहीत की मी तेव्हाच सांगत होतो. रोज संध्याकाळी कामावरून यायचात, तिच्या पायांना गरम फडकी लावायचात, आणि मग माझ्यासमोर रश्शाची वाटी ठेवायचात. एकदा तरी ओरडला असतात तर बरं झालं असतं. शेवटच्या दिवशी तिला जबडा उघडता येत नव्हता तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं, मी तुला खोटं लिहिलं गं. तिनं माझं बोट दाबलं. माफ केलं की दुखत होतं, मला कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर सांगू नका.

तुमच्याच देवळाच्या जमिनीत ती आहे, ते बरं आहे. आमच्या देवळाच्या वहीतून तिचं नाव लग्नाच्या साली खोडलेलं आहे. मी पास्टरसाहेबांकडे गेले, म्हटलं, ठोके द्यायचेत. ते म्हणाले, गेसिनाबाई, ती आपल्या मंडळीत नाही, नियमात बसत नाही. मी म्हटलं, या हिवाळ्यात तुमचे ठोके मी दिलेत, तेव्हा नियम विचारला नव्हतात. किल्ली खुंटीला होती. मी घेतली.

काल सकाळी नऊला वाजवले. बाबांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. धीर नव्हता. वाटलं होतं, घंटेचं काय, हिवाळाभर वाजतेच आहे, त्यांना काय कळणार. आल्यावर सावकाश सांगू.

पुढचं बेहरेंडनं सांगितलं. बाबा टेबलाशी रस्सा घेत होते. पहिला ठोका पडला तसा सवयीनं चमचा हवेत धरला. बेहरेंडही मोजत होता. वीस झाले, पंचवीस झाले. तीस. एकतीस. आणि थांबलं.

बेहरेंडला खरंच कळलं नाही. मी त्यालाही सांगितलं नव्हतं की आज वाजवणार आहे. तो म्हणाला, "एकतीसचं कोण आहे गावात? आजारी तर कोणी नव्हतं."

बाबांनी चमचा खाली ठेवला. नऊ वर्षांत त्या घरात जे नाव निघालं नव्हतं ते त्यांनी काढलं नाही. नुसतं म्हणाले, "सप्टेंबरच्या अकराला एकतिसावं संपलं तिचं."

मी घरात आले तेव्हा ते तसेच बसले होते. मला म्हणाले, "तवा कुठे आहे गं तो?" मी कपाटामागून काढून आणला, गंजलेला. कालपासून तो घेऊन बसलेत आणि राखेनं घासताहेत. हातांत जोर नाही, मला घेऊ देत नाहीत. चकचकीत झाला की तुम्हाला पाठवा म्हणालेत.

गेसिना